पत्र्यावरची बोटं

१

“मावशी, बोटं करायचीत,” करुणा म्हणाली.

म्हाळसाबाई खव्याच्या मोराला पिसारा लावत होती. मान वर न करताच तिनं विचारलं, “कुणाची?”

“माणसाची. खायची.”

आता मात्र मान वर झाली. रुखवत करावं तर म्हाळसाबाईनं, हे बारामतीत कसब्यापासून आमराईपर्यंत कुणीही सांगितलं असतं. साखरेचं तुळशीवृंदावन म्हणा, रव्याची पालखी म्हणा, चिरोट्याची कमळं म्हणा, तिच्या हातून उतरलं की वरमाईसुद्धा नाक मुरडायची विसरायची. पण लग्नात मांडायला बोटं आजवर कुणी मागितली नव्हती.

करुणा समोरच्याच खोलीत राहायची. एमआयडीसीतल्या एका कंपनीत साहेब लोकांची इंग्रजी पत्रं बघायची. त्या कंपनीत परदेशातून एक इंजिनीअर आला होता, बायकापोरांसकट. त्याच्या बायकोला महिनाअखेरीला पोरांची पार्टी करायची होती, नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. करुणानं पर्समधून मासिकाचं फाडलेलं पान काढलं. पानावर एका बशीत पाच बोटं मांडलेली. सांधे सुजलेले, नखं पिवळी, बुडाशी लालभडक जॅम.

“अगं बया! ह्ये काय गं?”

“हॅलोवीन. त्यांच्याकडं त्या दिवशी भुताखेतांचा सण असतो. तुमची सर्वपित्री असते ना, तसंच समजा.”

“सर्वपित्रीला आमी पितरांना खाऊ घालतो. ह्ये पितरांनाच खात्यात व्हय?”

करुणा हसत सुटली. बौद्धांच्या घरातली ती. तिला ना सर्वपित्री ना हॅलोवीन. “अहो मावशी, भूतबीत काही नसतं. नानकटाईचं पीठ आणि बदामाची नखं, बस्स. मी बाईंना सांगून बसलेय, आमच्या मावशीसारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही. आणि तेजश्रीचंही बोललेय. ऑफिसात एक जागा निघतीय. बाई खूश झाल्या तर साहेबांच्या कानावर घालतील.”

इथं म्हाळसाबाई विरघळली.

तेजश्री तिच्या पोटची नव्हती. धाकट्या जावेची, मुक्ताची. शेळगावच्या गुऱ्हाळावर चरकात हात जाऊन मुक्ता दगावली, तेव्हा पोर दीड वर्षाची होती. बापानं दुसरं लग्न केलं आणि बावड्याला सासऱ्याच्या मळ्यात जाऊन राहिला, तो परत फिरकला नाही. म्हाळसाबाईची कूस उजवली नव्हती. तिनं पोर उचलली आणि नवऱ्याबरोबर बारामती गाठली. पुढं नवराही वारला. पण पोर तिला ‘आई’ म्हणायची, आणि त्या एका हाकेवर तिनं एकोणीस वर्षं काढली होती. हल्ली कळसचा मामा, जोतीराम, सारखा निरोप धाडायचा की पोरीला इकडं पाठवा, स्थळ बघतो. नोकरी लागली असती तर पोर इथंच राहिली असती. म्हाळसाबाईला दुसरं काही नको होतं.

“करते,” ती म्हणाली. “किती?”

“बारा पोरं, बारा बशा. एकेका बशीत एकेक पंजा. अंगठ्यासकट हं.”

२

अख्खी चाळ चकल्या तळत होती आणि हिच्या पाटावर बोटं. नशीब म्हणायचं!

पहिला घाणा साखरेचा केला. बोटं गोरीपान झाली, बाळंतिणीला द्यावीत अशी. करुणा म्हणाली, काळपट हवीत, मातीतनं उकरल्यासारखी. तेजश्री उठली, कोपऱ्यावरच्या दुकानातनं पावशेर गूळ घेऊन आली.

“ह्यो कशाला आणलास?” म्हाळसाबाई केवढ्यांदा तरी ओरडली.

“रंगाला. आई, तू गुळाला एवढी का गं भितीस?”

त्या घरात गूळ येत नसे. संक्रांतीलासुद्धा साखरेचे लाडू. पित्त होतं म्हणून सांगितलेलं, आणि पोरीनंही कधी खोदून विचारलं नव्हतं. म्हाळसाबाईनं एकदा पुडीकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. त्या जागेसाठी पोर किती आस लावून बसली होती ते तिला दिसत होतं. आणि गूळ म्हणजे काय हो, शेवटी ऊसच. तिनं पुडी सोडली, गूळ किसला, तुपात फेसला, मैदा घालून मळला.

पीठ जमलं का ते बघायची तिची एक रीत होती. गोळा मुठीत घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. चार बोटांचे चार वळ एका बाजूला, अंगठ्याचा खळगा दुसऱ्या बाजूला, असं स्वच्छ उठलं की पीठ जमलं. त्या दिवशी छान उठलं.

मग ती वळायला बसली. चित्र समोर ठेवलं होतं. जाडजूड, गाठाळ, म्हाताऱ्या चेटकिणीची बोटं. वळता वळता ती रुखवतातल्यासारखी तंद्रीत गेली. तेजश्री शेजारी बदाम सोलत होती. तिनंच पहिल्यांदा विचारलं.

“आई, ही चित्रातल्यासारखी कुठं झाली? ही तर बाईची झालीत. नाजूक. आणि ह्ये करंगळीशेजारचं सगळीकडं शेंड्याला वाकडं का केलंस?”

म्हाळसाबाईनं पाटावर नजर टाकली. बारा पंजे. बाराही पंजांत ते एक बोट शेंड्याला बाहेरच्या अंगाला वाकलेलं, आणि त्याच्या बुडाशी अंगठी रुतल्याचा बारीक वळ. तिनं केला नव्हता. म्हणजे, केला असणारच, दुसरं कोण करणार! रोज डोळ्यापुढं पोरीचा हात असतो, तोच उतरला असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मग तिनं चोरून पोरीच्या हाताकडं पाहिलं. तेजश्रीचं बोट सरळ होतं.

विळ्यानं कापून वाकडं झालेलं बोट मुक्ताचं होतं.

“पीठ सैल झालंय,” म्हाळसाबाई म्हणाली. “दे हिकडं.” तिनं सगळी बोटं मोडून पुन्हा मळली. पुन्हा वळली. या खेपेला डोळे फाडफाडून बघत, चित्राबरहुकूम. पाटावर ठेवली तेव्हा जाड होती. बदाम लावेस्तोवर नाजूक झाली.

३

दिवाळीत महिपतीच्या बेकरीपुढं बायकांची ही रांग. प्रत्येकीच्या हातात नानकटाईचा पत्रा. भट्टीत भाजून घ्यायचा आणि घरी न्यायचा. म्हाळसाबाईनं आपला पत्रा पदराखाली झाकला होता, पण रांगेतल्या एकीनं पदर उचललाच.

“अगं आई गं! म्हाळसाबाई, सणासुदीचं ह्ये काय इपरीत?”

“फॉरीनच्या बाईचं हाय. तुमाला न्हाय वाढणार, काळजी नगा करू.”

बायका हसल्या, पण रांग हातभर लांब सरकली. महिपतीनं मात्र चेष्टा करत पत्रा आत सारला. पंधरा मिनिटांनी बाहेर काढला आणि चेष्टा विसरला.

बोटं झकास भाजली होती. तपकिरी, खुसखुशीत, एकालाही तडा नाही. अंगठे मात्र बाराच्या बारा मधोमध चिरून पडले होते.

“तूप जास्त झालं,” महिपती म्हणाला.

“एकाच पिठाचं हाय की सगळं.”

“मग जाड वळले असतील. आतनं कच्चं ऱ्हातं, मग चिरतं.”

पटण्यासारखं होतं. ती घरी गेली, बारीक अंगठे वळून आणले. चिरले. तिसऱ्यांदा मैदा वाढवला. चिरले. महिपतीनं पत्रा भट्टीच्या तोंडाशी ठेवून पाहिला, मधे ठेवून पाहिला. शेजारच्या बाईची नानकटाई त्याच आचेवर फुलून आली.

“पंचवीस वर्सं भट्टीपुढं हाय मी,” महिपती घाम पुसत म्हणाला. “बोटं कशी गुणी, आन अंगठ्यालाच काय धाड भरलीया? म्हाळसाबाई, ह्या हाताला अंगठा नगोसाच हाय बघा.”

तो आपला बोलून गेला. म्हाळसाबाईनं पत्रा आपल्याकडं ओढला. चरकात मुक्ताची चार बोटं गेली होती. अंगठा राहिला होता. पुढं नऊ दिवस, धनुर्वातानं जाईपर्यंत, ती तो एकटा अंगठा हलवायची. मोजल्यासारखी. एक, एक, एक.

गुळाचा पाक कुठं कडक बसतो, कुठं नरम. गूळ अडाणी असतो, त्याला साखरेची शिस्त नसते. असं काहीबाही स्वतःला समजावत ती पत्रा घेऊन घरी आली.

४

लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अवस होती. सकाळी तेजश्री करुणाबरोबर बशा आणायला बाजारात गेली. म्हाळसाबाईनं खोलीला कुलूप घातलं आणि अंगठ्यांचा चौथा पत्रा घेऊन बेकरी गाठली. निघण्यापूर्वी तिनं पाटावर मैदा भुरभुरून ठेवला होता, उरलेलं पीठ आल्यावर लाटायचं म्हणून.

चौथा पत्राही चिरला. तिनं तो तिथंच टाकून दिला.

परत येऊन कुलूप काढलं. उन्हाची तिरीप खिडकीतनं थेट पाटावर पडली होती. भर दुपारचे साडेबारा, बाहेर पोरं लवंगी उडवत होती, कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या. सगळं कसं जागच्या जागी होतं.

मैद्यात एक हात उठला होता.

तळवा, आणि अंगठा. उजवा हात. तळव्याच्या वर, जिथनं बोटं फुटतात, तिथं मैदा भुरभुरला होता तसाच, सपाट.

म्हाळसाबाई दारातच उभी राहिली. मग तिला रागच आला. पोरीनं जाताना हात टेकला असणार, बोटं वर उचलून, माझी थट्टा करायला. तिनं चपला काढल्या, पाटाशी बसली आणि स्वतःचा उजवा हात तसा टेकून पाहिला. बोटं ताणून वर धरली. तरी चारी बोटांची मुळं मैद्यात उमटलीच. आणखी ताणली, शिरा दुखेस्तोवर. तरी उमटली. हाताला मुळं असेपर्यंत ती उमटणारच, त्याला काय इलाज!

आणि पोर बाहेर पडल्यानंतर तिनं मैदा भुरभुरला होता. हे तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

तिनं ओल्या फडक्यानं पाट खसाखसा पुसला. फडक्याला चिकट लागलं. वास आला, कच्च्या उसाच्या रसाचा. पुढं मात्र तिनं वास घेतला नाही. फडकं मोरीत टाकलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

दोन वाजता करुणा आली. “अंगठे?”

“न्हाय जमलं गं. माफ कर.”

“जाऊ द्या हो.” करुणानं बशांत चार-चार बोटं मांडली, बुडाशी जॅम लावला, लांबून पाहिलं आणि तिच्या अंगावर शहारा आला. “अगं बाई! मावशी, असंच जास्त भयंकर दिसतंय. बाई बेहद्द खूश होतील.”

५

झाल्याच बाई खूश. पाच वाजता करुणा धावतच आली; पोरांनी कडाकडा खाल्ली, बशा चाटून पुसून साफ, आणि तेजश्रीला सोमवारी दहा वाजता ऑफिसात बोलावलंय. तेजश्रीनं म्हाळसाबाईला गच्च मिठी मारली. “आई, मी कुठं जात न्हाय आता. मामाला म्हणावं, बस बोंबलत.”

एकोणीस वर्षांत म्हाळसाबाईला एवढा आनंद झाला नव्हता. ती डोळे पुसत स्टोपाशी गेली, चहाचं आधण ठेवलं. तेजश्री मागं पाटाशी बसली. डब्यात जास्तीची वळलेली चार बोटं उरली होती.

मागून आवाज आला. कटकन. सुकं, बारीक काहीतरी दाताखाली मोडल्याचा.

हा आवाज म्हाळसाबाईच्या ओळखीचा होता, आणि तो कुठला हे आता सांगायलाच हवं.

शेळगावला त्यांच्या गुऱ्हाळाचा चरक बैलांवर चालायचा. मुक्ता चरकाला ऊस लावायची, म्हाळसाबाई बैलांमागं फिरायची. त्या सकाळी पोर म्हाळसाबाईच्या कडेवर होती, किरकिरत होती. मुक्तानं तिला ओढून घेतली आणि सहज म्हणाली, “द्या हिकडं. तुमच्यापाशी न्हाय राहायची ती.” बाकी काही नाही, एवढंच. तासाभरानं मुक्ताचा हात उसाबरोबर आत गेला. “आक्का, बैलं धरा!” म्हाळसाबाईनं ती हाक ऐकली. स्वच्छ ऐकली. कासरा हातात होता. बैलांनी अर्धा फेरा घातला. मग दुसरी हाक आली, आणि तिनं कासरा ओढला.

अर्धा फेरा. का, ते तिला सांगता येत नव्हतं. देवासमोर उभं केलं असतं तरी आलं नसतं. पहिली हाक तिला ऐकू आली होती हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्या एकीला होतं ती नऊ दिवसांनी गेली.

कटकन. दुसरं बोट. स्टोचा आवाज होता, तरी मागची हाक तिला स्वच्छ ऐकू आली.

“आक्का.”

जन्मात तेजश्रीनं तिला आक्का म्हटलं नव्हतं. म्हाळसाबाई वळली नाही. 

“आक्का, बैलं धरा.”

“धरली!” म्हाळसाबाई किंचाळली. दोन्ही हात पुढं गेले, कासरा ओढावा तसे मागं आले, चहाचं भांडं उलटलं. “धरली गं मुक्ता, धरली! बघ, आता पहिल्याच हाकेला धरली!”

स्टो विझला. खोलीत फक्त चहाचं पाणी ओघळल्याचा आवाज होता.

मग तेजश्रीचा आवाज आला. तिचा स्वतःचा, रोजचा.

“मी कुठं हाक मारली? माझ्या तोंडात घास हाय.” “आई, पहिल्या हाकेला म्हंजे? तवा कितव्या हाकेला धरली होतीस?”

६

खोटं बोलता आलं असतं. म्हाळसाबाई सांगायला वळली तीच खोटं बोलण्यासाठी. पण तेजश्री पाटावर उजवा हात टेकून बसली होती, चारी बोटं तळव्याखाली मुडपून, नुसता अंगठा बाहेर. आणि तो अंगठा हलत होता. एक, एक, एक. पोरीचं तिकडं लक्षही नव्हतं.

म्हाळसाबाईनं सगळं सांगितलं.

 तेजश्रीनं विचारलं, “बोटं गावली का?”

“न्हाय. चिपाडं धुंडाळली. चिपाडं मग चुलवाणात जाळली.”

“आन रस?”

“गुळाच्या काहीलीत पडला हुता. सासरं म्हनलं, आदण आलंय, भरली काहील ओतायची न्हाय.” “गूळ झाला. ढेपा बाजारात गेल्या.”

“म्हंजे लोकांनी खाल्ला.”

“व्हय.”

“मी?”

म्हाळसाबाईनं तोंडाला पदर लावला. “तू लई रडत हुतीस गं. आईसाठी. कुणाकडं राहीना झालीस. मी गरम गुळाचा खडा तोंडात घातला तुज्या… तवा तू गप झालीस. माज्या कुशीत निजलीस. पहिल्यांदाच.”

तेजश्री उठली. मोरीत जाऊन तिनं चूळ भरली, मग आणखी एक, मग कितीतरी वेळ चुळाच भरत राहिली. डब्यातली दोन बोटं तिनं पदरात बांधली, का ते तिनं सांगितलं नाही. मग खुंटीवरची पिशवी काढली, दोन साड्या कोंबल्या. कळसची एसटी सहाला होती.

“तेजा, सोमवारी कामावर जायचं हाय तुला,” म्हाळसाबाई म्हणाली. दुसरं काही सुचेना. “आगं, मी तुला वाढवलंय. एकोणीस वर्सं.”

“व्हय. वाढवलंत,” पोर म्हणाली. ती दारात चपला घालत होती. चपला घालून झाल्यावर तिनं वाकून नमस्कार केला, घरातनं निघताना करायचा तसा, आणि सरळ झाली. “येते, काकी.”

चाळीत पणत्या लागत होत्या. करुणा समोरच्या दारातनं हसत काहीतरी म्हणाली. तेजश्री न थांबता जिना उतरून गेली.

म्हाळसाबाई पाटाशी येऊन बसली. परातीत मूठभर पीठ उरलं होतं. हाताला सवय असते, मन कुठंही असो. तिनं तो गोळा उचलला, घट्ट दाबला आणि मूठ उघडली.

एका बाजूला अंगठ्याचा खळगा होता. दुसरी बाजू गुळगुळीत होती.

तिनं आपला हात उजेडात धरला. चारी बोटं होती, पिठानं माखलेली. तिनं पुन्हा मूठ वळली, या खेपेला जीव खाऊन, नखं रुतेस्तोवर.